पट्टी न लावता

कुरिअरवाला पार्सल टाकून गेला होता आणि मी कात्रीने त्याची चिकटपट्टी कापत होतो, तेवढ्यात काकूंचा, तायडे सरांच्या बायकोचा, फोन आला. पार्सलमध्ये सरांसाठीच मागवलेलं रंग भरायचं पुस्तक होतं. मोठ्या माणसांसाठी मिळतात हल्ली, त्यातलं. रेघा काळ्या नाहीत, फिकट राखाडी, म्हणजे वर रंग चढला की रेघ दिसेनाशी होते. कागद जाड, पानाच्या एकाच बाजूला चित्र आणि तारेची बांधणी, त्यामुळे पुस्तक सपाट पडून राहतं, दुसऱ्या हाताने धरावं लागत नाही. असं पुस्तक शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले होते. काकू म्हणाल्या, "रफिक, सर गेले रे." मी विचारलं, "कुठे?" इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नसेल, पण त्या क्षणी मला खरंच वाटलं की त्यांना बुलडाण्याला दवाखान्यात नेलं असणार. काकूंनी फोन ठेवला, मग कळलं. मातीला निघालो तेव्हा पुस्तक काउंटरवर तसंच उघडं राहिलं आणि शटरही अर्धंच ओढलेलं.

देऊळघाटला शाळेसमोर माझं स्टेशनरीचं दुकान आहे. तायडे सर त्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. मी त्यांचा विद्यार्थी, तोही ढ, आणि नंतर त्यांचा दुकानदार. शाळा सुटली की सर दुकानाच्या पायरीशी उभे राहून नवा माल तपासायचे. पेन्सिलीचं टोक नखावर दाबून बघायचे, कागद उजेडाला धरायचे, तेलखडूचा वास घ्यायचे आणि बहुतेक वेळा नाक मुरडून परत ठेवायचे. विकत काही घेत नसत. पण त्यांनी परत ठेवलेला माल मी पुढच्या खेपेला मागवत नसे, हेही खरं. रंग भरायची छापील पुस्तकं तर त्यांना डोळ्यासमोर नको असायची. आंबा, हत्ती, झोपडी, डोंगरामागून उगवणारा सूर्य. "हे काऊन ठेवतं बे दुकानात?" ते म्हणायचे. "लेकराचा हात बांधून टाकते हे. दुसऱ्याच्या रेघीत रंग कोंबाचा, यात कायची कला?" सर येताना दिसले की मी ती पुस्तकं काउंटरखाली सरकवायचो आणि ते गेले की पुन्हा बाहेर मांडायचो. आयांना तीच लागायची, मी काय करणार.

त्यांचा पहिला तास आमच्या गावात ज्यानं ज्यानं केला, त्याला तो आठवतो. पाचवीच्या वर्गात आले की आधी सगळ्यांच्या पट्ट्या जमा करायचे. कंपासपेटीतून, दप्तरातून, मागच्या बाकावरच्या पोराच्या शर्टात लपवलेलीसुद्धा. "पट्टी सुताराले लागते. आपल्याले हात हाये." मग खडू घेऊन फळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे आणि त्यांच्याबरोबर रेघही चालत जायची, कुठे थांबत नसे, कुठे लचकत नसे. त्यांची पाठ फिरली की आम्ही करगोट्याचा दोरा ताणून ती तपासायचो. रेघ दोऱ्याखालून केसभरही बाहेर येत नसे. वहीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तशी रेघ येईपर्यंत सर चित्राला हात लावू देत नसत. काहींची दिवाळीपर्यंत यायची. माझी कधीच आली नाही. सर म्हणायचे, "तू दुकानच टाक." टाकलं.

निवृत्तीनंतर त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. पाय काही महिन्यांत ओढत ओढत चालायला लागला, बोलणंही परतलं, हात मात्र मांडीवर पडून राहिला. व्यायाम करून घेणाऱ्या बाई बुलडाण्याहून यायच्या. त्यांनी सांगितलं की जे परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच येतं, हाताला रोज काम द्या, मोठ्या माणसांची रंगवायची पुस्तकं मिळतात ती आणा. काकूंनी मला फोन केला तेव्हा मला आधी हसू आलं. सरांच्या घरी मी रंगवायचं पुस्तक घेऊन जाणार... मी गेलो, खाटेजवळ बसलो, मोबाइलवर एकेक पुस्तक दाखवत राहिलो. वाटलं होतं, हाकलून देतील. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "रंगाचं मले काही नाई, रफिक. एक रेघ आली पाहिजे. कडेपासून कडेपर्यंत. तेवढ्यासाठी काय भराचं ते भरतो."

तेवढ्यासाठीच पुढचं सगळं होतं.

बाईंनी सांगितलं होतं, मोठे आकार घ्या, जाड रेघांचे. पण आपल्याकडे चांगलं काम म्हणजे बारीक काम. लग्नातल्या मेंदीपासून घराच्या जाळीपर्यंत, जितकं बारीक तितकी वाहवा. जाड रेघांचं मोठं फूल सरांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "हे बालवाडीचं हाये. मोठ्या माणसाचं पुस्तक म्हणते ना बाई? मंग बारीक दाखव." मलाही तेच पटलं. आम्ही दोघांनी मिळून मंडलांचं पुस्तक निवडलं. वर्तुळात वर्तुळ, पाकळीत पाकळी, ज्वारीच्या दाण्याएवढी घरं. त्याच्यासाठी मी ठेवणीतल्या पेन्सिली काढल्या, मेणाच्या, मऊ, कागदावर टेकवली की रंग सोडणाऱ्या. पुस्तक आलं तेव्हा सरांनी कागद उजेडाला धरायला लावला, पाठीमागून पुढचं चित्र दिसत नाही ना ते पाहिलं, आणि पहिल्यांदाच माझ्या मालाला मान हलवली.

रंगवायला बसले की डाव्या हाताने उजवं मनगट धरायचे आणि हात न्यायचा तिकडे न्यायचे. जड सामान दोघांनी मिळून हलवावं तसं. ज्वारीच्या दाण्यात ते काय मावणार? पेन्सिल एका घरात टेकली की तीन घरं ओलांडून थांबायची. मऊ पेन्सिल हातातून निसटून फरशीवर पडायची आणि मऊ पेन्सिलीचं असं असतं, की पडली की आतलं शिसं जागोजागी तुटतं. मग टोक काढायला गेलं की तुकडा गळून पडतो, पुन्हा काढलं की पुन्हा गळतो. काकू खाटेजवळ खाली बसून टोकं काढत राहायच्या आणि पेन्सिली बोटभर होत जायच्या. स्केचपेन आणून पाहिले, ते पडले तरी मोडत नाहीत. पण हात एका जागी अडकला की शाई पसरायची, मागच्या पानावर उतरायची. तेलखडू धरायला सोपे, पण त्यांचं टोक त्या घरांपेक्षा मोठं. एकदा मी म्हणालो, "सर, पुस्तक थोडं फिरवून घेऊ, म्हणजे हात वळेल तिकडून भरता येईल." ते म्हणाले, "पुस्तक फिरवाचं नाई. हात फिरला पाहिजे." आणि हात फिरला नाही.

अखेर मीच न विचारता जाड रेघांचं पुस्तक नेलं, सोबत कडक शिशाच्या, जाड तिकोनी पेन्सिली. काकूंनी पेन्सिलींना जुन्या सुती लुगड्याची चिंधी गुंडाळली, म्हणजे बोटांना धरायला काही लागेल. सरांनी ते मोठं फूल पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी काकूंचा निरोप आला की भरायला घेतलं आहे. मी मनात हिशेब मांडून ठेवला होता. आधी जाड रेघा, मग पातळ, मग त्या राखाडी, दिसतील न दिसतील अशा, आणि शेवटी कोरा कागद. पायरीपायरीने उतरून जाऊ असं मला वाटत होतं. दुकानदाराला वाटतंच की योग्य माल मिळाला की काम होतं. बाई यायच्या, हात वर उचलून बघायच्या, म्हणायच्या, "चालू ठेवा." त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळायला हवं होतं. सुरुवातीचे महिने कधीच उलटून गेले होते. फुलाची पाकळी रोज बाहेर सांडायची, कालच्यापेक्षा कमी नाही आणि जास्त नाही. कधी कधी सर पुस्तक बाजूला सारून, ते ज्या परीक्षेच्या पॅडवर लावलेलं असे, त्याच्या पुठ्ठ्यावर रेघ ओढून पाहायचे. ती निघायची, दोन बोटं जायची आणि खाली पडायची.

एका दुपारी मी गेलो तेव्हा सर उशीला टेकून बसले होते. समोर पॅडला कोरा कागद लावलेला. मला बरं वाटलं. ते म्हणाले, "रफिक, दुकानात पट्टी हाये?"

मी म्हणालो, "हाये ना सर. कोणाले पाहिजे?"

"मले."

काकू दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या. मी दुकानात जाऊन लाकडी फूटपट्टी घेऊन आलो. रस्त्यात ती शर्टाच्या आत धरली होती, कशासाठी ते ठाऊक नाही. सरांचे दोन्ही हात पेन्सिलीलाच लागायचे, म्हणून पट्टी मी धरली. ते मनगट ओढत निघाले. पेन्सिल पट्टीला घासत सावकाश पुढे येत होती आणि मी तिच्याकडेच बघत होतो. माझा अंगठा पट्टीच्या कडेबाहेर आलाय, हे माझ्या लक्षात आलं नाही. पेन्सिल अंगठ्यापाशी आली, थबकली, त्याच्या कडेने वळसा घालून पलीकडे गेली आणि पुन्हा पट्टीला लागून कागदाच्या कडेपर्यंत गेली. माझ्या नखावर शिशाचा काळा डाग पडला.

मी म्हणालो, "सर, माया अंगठा आला मधात. पुन्हा काढू."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावले असते तर फार बरं झालं असतं. "राहू दे," म्हणाले. "पोह्यचली ना कडेले." पेन्सिल त्यांनी पॅडवर ठेवली. पडू दिली नाही, ठेवली. "ने ते पट्टी आता."

त्यानंतर सरांनी रंगांना हात लावला नाही. काकू पुस्तक समोर धरायच्या, ते डोळे मिटून घ्यायचे. जेवण कमी झालं, मग बोलणं. बाईंना काकूंनीच येऊ नका म्हणून सांगितलं. मी तरीही राखाडी रेघांचं ते पुस्तक मागवलं. का, ते मला नीट सांगता येणार नाही. माणसाच्या हातून काहीच होत नसलं की तो निदान माल मागवतो. ते ज्या दिवशी आलं तो दिवस मी सुरुवातीला सांगितला आहे.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून एक पिशवी दिली. "ने रे हे सगळं. घरात पाहू पाहू जीव जाते माया." मंडलाचं पुस्तक, फुलांचं पुस्तक, बोटभर उरलेल्या पेन्सिली, चिंध्या गुंडाळलेल्या तिकोनी पेन्सिली. त्यातली पांढरी तेवढी नवीकोरी होती. सगळ्या डब्यांमध्ये ती तशीच उरते, पोरंसुद्धा तिला हात लावत नाहीत. पॅडला तो कागद अजून लावलेला होता. काकू म्हणाल्या, "हे बी ने."

सर परत येणार नाहीत आणि आले असते तरी हात आला नसता, हे आता मला कळतं. तो फार पूर्वीच गेला होता, आम्ही तिघं फक्त त्याला पुस्तकं दाखवत बसलो. राखाडी रेघांचं पुस्तक मी विकायला ठेवलेलं नाही. गावात ते घेणारंही कोणी नाही. तो रेघेचा कागद मात्र काउंटरच्या काचेखाली आहे. दुपारी शाळा भरलेली असते, रस्त्यावर कोणी नसतं, तेव्हा काच उचलून मी रेघेतल्या त्या फुगवट्यात अंगठा ठेवतो. नेमका बसतो. त्याच्या अलीकडची रेघ सरळ आहे आणि पलीकडचीही सरळ आहे, ती पट्टीची. अंगठ्याभोवतीची तेवढी वाकडी, कापरी, बोटभर रेघ पट्टीशिवाय निघालेली आहे.