नातीच्या कंपनीचं इन्सुलिन

ग्रुपवरच्या साखरवाल्यांनो, आज माझं डोकं फिरलंय.

दुपारी कल्याणच्या मेडिकलवाल्याने नेहमीचं परदेशी इन्सुलिन संपलं म्हणून आपल्याकडे बनलेलं दिलं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "चालेल." त्यांचं काय जातंय? टोचायचं मला!

घरी इन्सुलिनचं पेन पाहून नात वैदेही हरखली. "आजोबा, हे आमच्याच कंपनीचं! तिथे मीच तपासते."

म्हटलं, "म्हणूनच भीती वाटते. घरचा गॅस दोनदा चालू ठेवून गेलीस."

ती हसली नाही. "हे जिवंत पेशींत तयार होतं. बॅच जराशी बिघडली तरी सगळी फेकून देतो आम्ही. तरीही लोक घाबरतात. मग आमचा उद्योग वाढायचा कसा?"

"तुमचा उद्योग वाढवायला माझंच पोट सापडलं का?"

"आणि त्या परदेशी कंपनीत कोण तपासतं, त्याला ओळखता तुम्ही?"

यावर मी तिच्यावर ओरडलो. सातवी शिकलेल्या म्हाताऱ्याने घाबरायचंही नाही का?

आता ताट वाढलंय, पेन हातात आहे आणि ती माझ्याशी बोलत नाही. तुम्ही नवीन कंपनीचं इन्सुलिन पहिल्यांदा कोणाच्या शब्दावर टोचून घेतलंत?