बाईमाणसाचा पाय

शाळेच्या मुलांची ने-आण करणारी व्हॅनवाली एकदा उतारावरच्या सिग्नलला थांबली होती. ब्रेक दाबून धरलेला, आणि पायाखालचं पॅडल सावकाश खाली जायला लागलं. पार तळाला टेकलं. व्हॅन पुढच्या टेम्पोकडे सरकली. तिने हँडब्रेक खेचला म्हणून निभावलं. मागे पोरं गाण्याच्या भेंड्यांत दंग होती, त्यांना काही कळलंही नाही. एक हात हँडब्रेकवर ठेवूनच तिने त्यांना घरोघर पोचवलं आणि व्हॅन थेट मेकॅनिककडे नेली.

मेकॅनिकने व्हॅन गल्लीत एक चक्कर मारून आणली. "ब्रेक ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बाईमाणसाचा पाय. दाब कमी पडत असेल."

"अहो, दाबून धरलेलं पॅडल आपोआप खाली जातं म्हणतेय मी!"

"साहेबांना पाठवून द्या. त्यांना समजावतो."

साहेब म्हणजे तिचा नवरा. त्याला सायकलची उतरलेली चेन बसवता येत नव्हती. ती घरी आली ती भांडी आपटतच.

"दुसऱ्या कुणाला दाखवू या," नवरा म्हणाला.

"दुसराही माझ्या पायाकडेच बघणार. मीच शिकते!"

व्हॅन तिने अंगणात उभी करून टाकली, मुलांसाठी दिराची गाडी मागून घेतली आणि मोटारदुरुस्ती शिकवणाऱ्या संस्थेत नाव घातलं. संस्थेच्या फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रत्यक्ष काम करत शिका.' आत शेडमध्ये एक पांढरी मोटार होती. तिच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. इंजिनातला बिघाड सांगणारं यंत्र काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप. शिकवणारे सर फळ्यावर रंगीत खडूंनी सुरेख ब्रेक काढत. प्रात्यक्षिकाच्या तासाला ते बॉनेट उघडत आणि सगळे हाताची घडी घालून बघत.

"ताई, तुम्ही टॉर्च धरा जरा."

ताईंनी टॉर्च धरला. पुढच्या तासालाही धरला. त्याच्या पुढच्या तासाला टॉर्च बॉनेटवर ठेवून ती तडक घरी गेली आणि दिराच्या गाडीला बांधून आपली व्हॅन शेडमध्ये ओढून आणली. मागच्या व्हॅनचं स्टिअरिंग दिराने धरलं होतं.

"बाहेरची गाडी इथे चालत नाही," सर म्हणाले.

"आणि आतल्या गाडीला हात लावायचा नाही! मग आम्ही शिकायचं काय, रांगोळी?"

सर नको-नको म्हणेपर्यंत तिने जॅक लावलासुद्धा. वर्गातल्या एकाला पॅडल दाबायला बसवून तिने फळ्यावर पाहिलं होतं तशी चारही चाकांपाशी ब्रेकच्या तेलातली हवा काढली. तोंडावर तेल उडालं, बोटं सोलली. इतकं करून पॅडल दाबून धरलं, तर पुन्हा सावकाश खाली.

सर दाराशी उभे होते. न राहवून ते जवळ आले. "हवेचा दोष नाही हा. टाकीतलं तेल कमी झालंय का?"

"नाही."

"चाकांपाशी कुठे ओल?"

"नाही."

"मग दाबलेलं तेल जातं कुठे?"

तिने विचार केला. "आतल्या आत?"

"आतल्या आत. पॅडलचा जोर तेलाला देणारा हा मास्टर सिलिंडर. त्यातली रबरं झिजलीत. कधी धरतात, कधी सोडतात."

खरं तर तिला आनंद व्हायला हवा होता. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे तुम्हाला हे येत होतं! एवढं येत असून आम्हाला खडूच्या रेघा दाखवत बसलात?"

"काही मोडलं तर संस्थाचालक मला धारेवर धरतात, ताई. त्यापेक्षा फळा बरा."

"आणि यांच्यापैकी एखादा उद्या कुणाच्या गाडीचा ब्रेक उघडेल तेव्हा? माझ्या गाडीत लोकांची लेकरं बसतात, सर!"

 सरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सरसावल्या आणि तेरा नंबरचा पाना मागितला. सिलिंडर उघडला. रबराच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. वर्गातल्या प्रत्येकाने त्या बोटाने चाचपल्या. नवीन रबरं मात्र सरांनी तिलाच बसवायला लावली. पहिल्यांदा एक उलटं बसलं. तिला ते पुन्हा काढावं लागलं. शेवटी पॅडल पायाखाली दगडासारखं टिकलं.

संस्थाचालकांनी दोघांना बोलावून फैलावर घेतलं. वर तिला म्हणाले, "आता आलाच आहात तर माहितीपत्रकासाठी त्या मोटारीपाशी हातात पाना घेऊन उभ्या राहा. महिला प्रशिक्षणार्थी म्हणून फोटो छान येईल."

"मोटार उघडू देणार का?"

"फोटोपुरतं बॉनेट उघडू की."

ती उठली आणि निघून आली. संस्थेतलं आपलं नाव तिने त्याच दिवशी काढून घेतलं.

सरांनी नोकरी सोडली नाही, त्यांना घर चालवायचं होतं. पण सुट्टीच्या दिवशी ते तिच्या अंगणात यायला लागले. दुसऱ्या व्हॅनवाल्या आपापल्या गाड्या आणतात, वर्गातली मुलंही येतात, आणि दुपारपर्यंत सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे होतात. नवरा चहा करतो. कुणी कौतुक केलं की ती फणकारते, "कौतुक कसलं? हे तिथे शिकवायला हवं होतं!"