धर्माच्या पानावरची कालवं

धर्माच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, आणि तेव्हापासून पोशीबाईच्या पायांना जी वणवण लागली ती वर्षभर सुटली नाही.

पोशीबाईचं घर भाईंदरच्या खाडीकाठी, कोळीवाड्याच्या अगदी टोकाला. नवरा धर्मा मिठाच्या मचव्यावर खलाशी होता. मिठागरांतलं मीठ भरायचं, मुंबईला नेऊन उतरवायचं, चार-पाच दिवसांनी घरी यायचं, जेवून झोपायचं नि पुन्हा निघायचं. पोशीबाई स्वतः कालवंवाली. ओहोटी लागली की टोपली आणि लोखंडी टोच्या घेऊन रेल्वेच्या पुलाखालच्या दगडांवर जायची. दगडाला घट्ट चिकटलेल्या शिंपल्याचं झाकण टोच्यानं उघडायचं आणि आतलं कालव अलगद सोडवून घ्यायचं. सांगायला एवढंच आहे, पण तीन-तीन तास वाकून हे केलं की कंबर आपली राहत नाही, आणि बोटांना शिंपल्याच्या धारेनं पडलेल्या चिरा खाऱ्या पाण्यात भाजतात. त्यात तिच्या टोच्याचं टोक एका बाजूनं तुटलेलं. तिनं काढलेल्या प्रत्येक कालवाच्या कडेला एक बारीकशी खाच पडायची. नवा टोच्या करून घेऊ, असं ती वीस वर्षं म्हणत होती.

घरी आल्यावर कालवं निवडायची. मोठी, अख्खी कालवं चंद्रावतीच्या डब्यात जायची. ही चंद्रावती वाड्यातलीच, चार घरची कालवं गोळा करून स्टेशनाकडं विकणारी. कुठं विकते ते मात्र कुणाला सांगायची नाही, नाहीतर तिचं गिऱ्हाईक दुसरीनं पळवलं असतं. डब्यात न जाणारी फुटकी, चिंबलेली कालवं पोशीबाईच्या तव्यावर. पाहुणा आला तर त्याच्या ताटात अख्खी. सासूनं लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "अख्खा परक्याला, फुटका घरच्याला. यात कंदी चुकू नको." सासू जाऊन जमाना झाला तरी यात पोशीबाई कधी चुकली नाही.

सदतीस सालच्या माघात धर्मा तापानं गेला, वद्य अष्टमीला. दहाव्या दिवशी खाडीकाठी पिंड ठेवला. मेलेल्याच्या आवडीचं मासळीचं पान शेजारी ठेवायची त्यांच्या घरची रीत. धर्माला तळलेली कालवं जिवापलीकडं आवडायची. शेजारणींनी सकाळीच टोपलीभर काढून आणून दिली. पोशीबाईनं ती निवडली, तळली, जेवायला आलेल्या नातलगांची वेगळी काढली आणि धर्माचं पान स्वतःच्या हातानं वाढलं.

समोरच्या तिवरावर कावळे बसले होते. एक उतरला, पानाभोवती दोन पावलं चालला, मान वाकडी करून बघितलं आणि उडून गेला. लेक म्हणाली, "बाबा, आयेला मी बघीन." नाही. धर्माचा भाऊ म्हणाला, "मचव्यातला तुझा वाटा वैनीलाच मिलंल." तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. तेव्हा धर्माबरोबर मचव्यावर असणारा हिराजी चाचरत पुढं झाला.

"वैनी, रागावू नका. तो नेमी बोलायचा, टेसनाकडं एका ठिकानी तळलेली कालवं खाल्ली, तशी जगात न्हाय. मरायच्या आधी अजून एकदा खाईन, बोलायचा."

"कनचा ठिकान?"

"ते न्हाय सांगितला. इचारला की हसायचा नुसता."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. कालवंवालीचा नवरा बाहेर जाऊन पैसे टाकून कालवं खातो, म्हणजे बाईच्या हाताला काय चव असेल ते समजून घ्या! तोंडावर कोणी बोललं नाही, पण पोशीबाईला ऐकू आल्यासारखं झालं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला उठले.

भटजींचं काम झालं, पण पोशीबाईचं काही केल्या होईना. नवऱ्याचा जीव कुठल्यातरी हॉटेलाच्या दारात घुटमळतोय, हे एक दुःख. आणि तीस वर्षं रांधून त्याला आपल्या हातचं पुरलं नाही, हे दुसरं. खरं सांगायचं तर दुसरंच जास्त टोचत होतं. दर महिन्याच्या अष्टमीला त्याच्या नावानं पान ठेवायचं होतंच. तिनं ठरवलं, ते हॉटेल शोधायचं, तिथली कालवं पानावर ठेवायची आणि त्याला एकदाचं मोकळं करायचं.

सुतक फिटल्यावर ती पहिल्यांदा स्टेशनासमोरच्या इराण्याकडं गेली. तो गल्ल्यावरून म्हणाला, "बाई, चाय है, ब्रून है, मस्का है. कालवा किधर से लायेगा?" मग ती एका पाटी लावलेल्या मोठ्या जागेत शिरली. पाटी वाचता येत नव्हती, पण आत पाट मांडलेले, तुपाचा वास सुटलेला, म्हणजे चांगलं हॉटेल असणार! तिनं कालवं मागितली तसे गल्ल्यावरचे गुजराती काका कानांवर हात ठेवून उठलेच. "माजी, ये वैष्णव की वीशी है. इधर कांदा भी नहीं मिलता." माणूस मात्र भला. ती दमलेली पाहून त्यानं तिला बसवलं, गूळपाणी दिलं आणि मगच वाटेला लावलं.

पुढच्या अष्टमीला सावंतवाडीकडच्या एका माणसाची खाणावळ सापडली. तिथं कालवं होती, पण खोबऱ्यात पार बुडालेली. कावळ्यानं भात खाल्ला, कालवांकडं ढुंकून पाहिलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात रेल्वेच्या फाटकापलीकडच्या एका हॉटेलातून आणली, ती इतकी करपलेली की पोशीबाईलाच पानावर ठेवायची लाज वाटली. मग पावसाळा लागला, खाडी फुगली, कालवं बंद झाली. अष्टमीला नुसता भात ठेवून ती परत यायची.

वाड्यात आता चेष्टा व्हायला लागली होती. "पोशीबाय हॉटेलं चाखत फिरते," असं बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. लेक सासरहून आली की कळवळून सांगायची, "आये, भटानं दर्भ लावला, संपला ना आता. किती झिजवशील पाय?" पोशीबाईलाही ते पटायचं. ती थकली होती. दगडांवरून आल्यावर तासभर ओट्यावर बसून राहायची, निवडायला हात उचलायचा नाही. कधी वाटायचं, राहू दे त्याला तिथंच, जिथं आवडत होतं तिथं. आणि असं वाटलं म्हणून पुन्हा रडू यायचं.

पौष सरता सरता एका शुक्रवारी चंद्रावतीचा पाय सुजला. ओट्यावर पाय पसरून ती म्हणाली, "पोशे, आजचा दिवस डबा तू पोचव. टेसनाच्या मागं कॉनीबाय हाय, उत्तनची किरिस्तावीन. शुक्करवारी त्यांच्यात मटन चालत न्हाय, तिला कालवं जास्ती लागतात. आनि कुनाला बोलू नको हां."

ते हॉटेल नव्हतंच. कौलारू घराच्या पडवीत दोन बाकडी, भिंतीवर क्रूस, त्याच्यापुढं मेणबत्ती आणि एका कोपऱ्यात मोठा तवा. पाटी-बिटी काही नाही. पोशीबाई या गल्लीवरून वर्षभरात दहा वेळा गेली असेल. कॉनीबाई तिच्याच वयाची, जाड भिंगांचा चष्मा लावलेली. तिनं डबा उघडून बोटानं दोन कालवं उलटी केली.

"ही खाचवाली तुझी काय?"

"माझीच. टोच्या मोडलाय."

कॉनीबाईनं चष्मा वर केला आणि तिच्याकडं नीट पाहिलं. "एक मानूस यायचा इथं. मिठाच्या मचव्यावरचा, उंच, डाव्या कानाजवल डाग. ताटलीतली खाचवाली आधी शोधायचा नि हसायचा. बोलायचा, कॉनीबाय, ही माझ्या घरातली हायेत. मी बोलली, घरातली तर घरी का न्हाय खात रे? तर बोलला, घरी फुटकी येतात. अख्खी तिच्या बाजाराची." तिनं तव्याखाली लाकूड सारलं. "वरीस होत आला. कुटं गेला काय म्हायती."

"वारला तो," पोशीबाई म्हणाली. "माझा घरवाला."

कॉनीबाईनं कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला. मग कॉनीबाई उठली. डब्यातली खाचवाली कालवं निवडून तिनं मसाल्यात घोळवली, रव्यात लोळवली आणि तव्यात सोडली. ताटली पोशीबाईपुढं ठेवून म्हणाली, "खा बाय. जीव जालू नको."

पोशीबाई क्षणभर थांबली. किरिस्तावाच्या घरचं खाल्लं हे वाड्यात कळलं असतं तर पंचांपुढं उभं राहावं लागलं असतं. ठिकाण विचारलं की धर्मा नुसता का हसायचा, हेही तिला आत्ता कळलं. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि आता भिऊन वाचवायचं तरी काय होतं? तिनं एक उचलून तोंडात टाकलं.

वरचा रवा कुरकुरीत, आणि दाताखाली सगळी खाडी गोड होऊन फुटली. फुटक्या कालवातला रस आधीच वाहून गेलेला असतो, ते तव्यावर चिवट होतं. तीस वर्षं जी वस्तू तिनं हजारोंनी काढली, ती तिनं पहिल्यांदाच अख्खी खाल्ली होती. कॉनीबाईच्या हाताची करामत होती, नाही असं नाही, पण तेवढी करामत पोशीबाईच्याही हातात होती. चूक हाताची नव्हतीच.

मग तिला दहाव्याची टोपली आठवली. शेजारणींनी आणलेली कालवं तिनं ओट्यावर बसून निवडली होती. अख्खी जेवायला आलेल्या नातलगांना आणि फुटकी धर्माच्या पानावर. तो घरचा ना! कुणी सांगितलं नव्हतं, तिनंही विचार केला नव्हता. हात आपोआप चालला होता. तिनं ताटली बाजूला सारली आणि दहाव्याचं, कावळ्याचं सगळं कॉनीबाईला सांगून टाकलं.

"पानावर ठेवायला मी तळून दीन," कॉनीबाई म्हणाली. "पैसे नको देऊ."

"नको. मी तळीन."

वर्षश्राद्ध माघातल्या अष्टमीला आलं. अष्टमी म्हणजे भांगाचे दिवस, पाणी धड चढत नाही नि धड उतरत नाही. मोठी कालवं असलेले दगड पाण्याखालीच राहतात. पोशीबाई पहाटे छातीएवढ्या गार पाण्यात उतरली आणि हातानं चाचपून एकेक कालव सोडवत राहिली. दात वाजत होते, पायाखाली चिखल ओढत होता. दोनदा वाटलं, पुरे, एवढ्यात भागेल. तरी ती दिवस वर येईपर्यंत बाहेर आली नाही.

दारात चंद्रावती डबा घेऊन उभी होतीच. टोपलीत डोकावून तिचे डोळे चमकले. "बापरे, केवढाली! किती देतेस?"

"आज न्हाय."

"अगो, थोडीतरी?"

"एकबी न्हाय."

चंद्रावती पुटपुटत गेली. पोशीबाईनं फुटकी बाजूला काढून मांजरापुढं टाकली. अख्खी कालवं तिनं तिखट-हळद आणि कोकमाचं आगळ लावून तांदळाच्या पिठात घोळवली, धर्माला आवडायचा तसा लसूण ठेचून घातला आणि खमंग तळली. पान घेऊन ती खाडीकाठी गेली. लेक, दीर आणि हिराजी मागोमाग आले.

तिनं पान ठेवलं आणि भाताची मूद सारखी करायला वाकली, तोच तिच्या हाताशेजारी फडफड झाली. कावळ्यानं सगळ्यांत मोठं कालव चोचीत धरलं आणि तो तिवरावर जाऊन बसला. मागून आणखी दोन उतरले.

"शिवला!" हिराजी ओरडला. लेकीनं डोळे पुसले. दिरानं हात जोडले.

पोशीबाईला वाटलं होतं, या क्षणी आपण रडू. पण तिला आला तो राग. ती पदर खोचून तिवराखाली जाऊन उभी राहिली आणि वरच्या कावळ्याकडं बघून, सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलली, "तीस वरसं गप बसलात? तोंड नव्हता तुमाला? एकदा मागायची होती! एकदा बोलायचा होता, पोशे, आज मना अख्खी दे. मी काय न्हाय बोलली असती?"

लेकीनं येऊन तिला धरलं. पोशीबाई तिच्या खांद्यावर टेकली. कावळा खाऊन उडून गेला होता. नाही, ती "नाही" म्हणाली नसती. चंद्रावतीच्या डब्याचं झाकण लावता लावता, मान वरसुद्धा न करता, ती म्हणाली असती, "उद्या देते. आज बाजार हाय."