तराफ्यावर गाडी उलटीच चढवायची

धरणाच्या पाण्यावर पूल झाला आणि आमचा लोखंडी तराफा काठावर ओढून ठेवला. जीप, मोटारसायकली, माणसं, कधी एखादी म्हैस, सगळं त्यानं इकडून तिकडं नेलं. मी पलीकडच्या गावात नर्स आहे. लोक पुलावर फोटो काढतात, मी आधी तराफ्याला हात लावून येते. हसा खुशाल. माझी आई आज माझ्याजवळ आहे ती त्याच्यामुळं.

आई सांगलीत नदीकाठच्या गल्लीत एकटी राहायची. महापुरात घरात छातीभर पाणी आलं, तिला होडीतून काढावं लागलं. तेव्हापासून पाणी बघितलं की ती तोंड फिरवायची. गुडघे गेलेले, एकदा न्हाणीत पडली. तिला माझ्याशिवाय कोण होतं? पण माझ्याकडं चल म्हटलं की हट्ट एकच, "पाण्यातनं यायचं आसंल तर मी हितंच मरीन." घाटातून वळसा घालायचा तर तिच्या कमरेचा चुरा झाला असता.

तराफ्याला तोंड एकच. गाडी सरळ चढवली तर पलीकडं चढावर उलटी काढावी लागायची. म्हणून चढवतानाच उलटी. तराफेवाले मामा लय तापट, आणि मी काय कमी आहे? पहिल्याच दिवशी ओरडले, "सिस्टर, आरशात काय बघताय, पावडर लावायचीय व्हय? मान वळवा, माझ्या हाताकडं बघा. येऊ द्या, येऊ द्या... बास!" मीही सुनावलं, "पावडर तुमीच लावा, मामा!" भांडत भांडत शिकले बाई एकदाची.

शेवटी 'नुसतं काठापर्यंत' म्हणून आईला गाडीत घालून आणली. पाणी दिसलं मात्र, तिनं तोंडात पदर कोंबला. "फिरव गाडी." माझा धीरच सुटला. आता ही परत गेली की कायमची गेली, हे मला कळत होतं.

मामा खिडकीशी आले. आवाज इतका मऊ की मला वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. "आज्जी, तुमी नुसतं डोळं मिटा. कवा उघडायचं ते मी सांगतो."

तिनं डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. एका हातानं स्टिअरिंग सांभाळत मी गाडी उलटी चढवली. तराफा मागं सरकला, पाण्यात हळूहळू वळला, आणि समोरच्या काचेत पलीकडचा काठ आला. तराफा टेकला तसे मामा ओरडले, "बास! आज्जी, उघडा डोळं. लेकीचं घर आलं."

आईनं बघितलं. समोर माझ्या खोलीचा पत्रा, दारातली तुळस. "एवढंच पाणी व्हय गं?" म्हणाली. मी रडले, भरपूर रडले. मामांचे आणि त्या लोखंडाचे उपकार मी कसे फेडू?

मामा आता लेकाकडं राहायला गेलेत. आई वर्षाची हळद आणायला माझ्याबरोबर सांगलीला येते. परतताना पूल लागला की अजून डोळे मिटून बसते.

"अगं आई, पूल आहे हा. पाणी खाली राहिलं."

"आसंल. पर सांगणारं कोण न्हाई न्हवं हितं."

मग पूल संपला की मी गाडी थांबवते आणि मामांसारखी ओरडते, "बास! आज्जी, उघडा डोळं. लेकीचं घर आलं."