थेंब आत गेला का?

आमच्या लॅबमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. मिलच्या नाल्याच्या जाळीवर सुतं साठतात, तसे आपोआप साठतात. अधूनमधून उपसावे लागतात, एवढंच!

पांडेसऱ्यात एका गुजराती शेठच्या डाइंग मिलमध्ये मी लॅब सांभाळते. फोल्डिंग खात्यात दिवसभर उभ्यानं घड्या घालत बीएस्सी केलं, तेव्हा कुठे हे टेबल मिळालं. काम ऐकायला फालतू. लूमवरून आलेल्या कापडाला खळ आणि तेल असतं. ते धुऊन निघालं का, हे बघायचं. कापड ताणायचं, पाण्याचा एक थेंब सोडायचा, स्टॉपवॉच दाबायचं. तीन सेकंदांत आत मुरला तर पास. वर गोटीसारखा बसून राहिला तर फेल, कारण तिथे रंगही धड बसणार नाही. एवढ्याशा थेंबावरून किती भांडणं झालीत, विचारू नका! डाइंग मास्टरांची धमकी ठरलेली, "वापस फोल्डिंग में भेज दूँगा!"

* * *

पहिलं भांडण मात्र मीच हरले. नवी होते. सकाळपासून सगळे लॉट फेल! मास्टर लालबुंद. "मॅडम, आप तो मिल बंद करवा दोगी!"

नीट बघितलं, तर थेंब फक्त माझ्या बोटांच्या जागी थांबत होता. सकाळी केसांना खोबरेल चोपडून वेणी घातली होती, आणि त्याच हातांनी कापड ताणत होते! रिपोर्ट गपचूप फाडता आला असता. नाही फाडला. खाली लिहिलं, "चूक माझी. तेल माझ्या हाताचं." तेव्हापासून दुसऱ्याची चूक लिहायलाही मी कुणाच्या बापाला भीत नाही.

* * *

धुलाई खात्याचे हिरामण अप्पा मूळचे खानदेशातले, राहायला गोडादऱ्याला, माझ्याच गल्लीत. जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवतात ना, तसंच बोटांनी कापडावर पाणी शिंपडतात, ते 'मझार', म्हणजे आत, जातं का बघतात आणि सांगतात, पास की फेल. माझं स्टॉपवॉच मागाहून तेच सांगतं!

एकदा मास्टर म्हणाले, लॉट ओळखीच्या पार्टीचा आहे, सांभाळून घ्या. अप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, पानी कोनाच्या वशिल्यानं मझार जात नई!"

* * *

एक टायवाला सेल्समन आला. त्याचं केमिकल घातलं की म्हणे थेंब क्षणात गायब. स्वतःच्या बॅगेतलं कापड काढलं, केमिकल लावलं, थेंब सोडला. गायब! मास्टर टाळ्या वाजवायचे बाकी.

मी त्याच कापडाचा कोरा कोपरा घेतला. केमिकल नाही, काही नाही, नुसता थेंब सोडला. तोही गायब!

"दादा," मी म्हटलं, "तुमचं कापड मुळातच तहानलेलं दिसतंय. आमच्या खळीच्या कापडावर करून दाखवता का?" त्यानं चहासुद्धा घेतला नाही.

* * *

रंगाची पावडर पाण्यात गोळे धरत होती. मास्टर म्हणाले, माल खराब, परत पाठवा. मी ग्लासभर गार पाण्यावर चिमूटभर पावडर भुरभुरली. तरंगत राहिली. साबणासारख्या औषधाचा एक थेंब टाकला, सरसर तळाशी गेली. म्हणजे पावडर आधी गार पाण्यात, औषध घालून कालवायची सोडून मास्टर ती थेट उकळत्या पाण्यात ओतत होते!

"मास्टरजी, घरी कढीला बेसन कोण कालवतं?"

"बीवी."

"तरीच!"

* * *

आणि हा परवाचा. मोठा लॉट, पार्टी घाईत, शेठ स्वतः लॅबमध्ये. "बेन, सही करी नाखो ने!"

"शेठ, थेंब आत गेला की लगेच करते."

शेठ, मास्टर, अप्पा आणि मी टेबलाभोवती. थेंब बसलेला. चहा आला, पिऊन झाला. अप्पा वाकून म्हणाले, "बठेलच शे!"

मास्टर म्हणाले, पंख्याच्या हवेनं तसं होतं. मी पंखा बंद केला. आम्ही घामानं निथळलो, थेंब जागचा हलला नाही!

मास्टर भडकले. "लॉट पास है, मैं कह रहा हूँ! इस मॅडम को आज ही फोल्डिंग में भेजो!"

मी रजिस्टर पुढे सरकवलं. "जाते मी घड्या घालायला. पण यावर माझी सही मिळणार नाही."

शेठनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि मास्टरांपुढे धरलं. "तो मास्टर, तमे करो."

मास्टरांनी पेनाकडे बघितलं. थेंबाकडे बघितलं. मग वळून म्हणाले,

"अप्पा, धुलाई की मशीन खाली है क्या?"