चोराला बंद न करता येणारी घंटा

आता काय सांगू, मी हातानं बनवलेलं एकच यंत्र आजवर शंभर टक्के चाललं, आणि त्यानंच वर्ध्याजवळच्या आमच्या बोरगाव मेघेत माझी अब्रू घालवली. चहा घ्या, सांगतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बंगालात पाच वर्षं इंजिनिअरिंग शिकून नुकताच घरी परतलो होतो. अंगात खादीचा झब्बा आणि डोक्यात एकच गोष्ट: आपलं शिक्षण आपल्या मुलखाच्या कामी आलं पाहिजे. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या डोक्यात मात्र हैदराबादच्या एका कंपनीचं पत्र होतं. नोकरी पक्की होती, फक्त होकार कळवायचा होता.

त्याच महिन्यात आमच्या ओळीतली दोन घरं भरदुपारी फुटली. नवरा ऑफिसात, बायको शाळेत शिकवायला, दाराला कुलूप. चोर निवांत आले आणि पाणी भरायचे तांब्याचे गुंड घेऊन गेले. बाकीची ओळ हळहळली. मला वाटलं, हे चोर देवानं माझ्यासाठीच धाडलेत.

"दादा, मी चोरघंटा बनवतो," मी म्हणालो.

"बनव. रविवारी ओळीतल्या सगळ्यांना बोलावू. त्यांना पटली तर राहा इथं. नाही पटली, तर सोमवारी हैदराबादला होकार."

लागलो कामाला. दार उघडल्यावर वाजणारी घंटा कोणीही बनवेल हो. माझा विचार त्याच्या पुढचा होता. शहाणा चोर आधी काय करेल? घंटाच बिघडवेल. मग ती बिघडवताच येऊ नये! दारा-खिडक्यांभोवती बारीक तार फिरवली. चोरानं तार कापली? कापली की लगेच घंटा वाजणार, आणि परत जोडली तरी थांबणार नाही. वीज तोडली? घंटा मोटारीच्या बॅटरीवर. घंटाच फोडली? ती घराबाहेर उंच छपराखाली, जाळीच्या लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप. घंटा बंद करायचं बटण आणि बॅटरी मधल्या खोलीतल्या कपाटात, कपाटालाही कुलूप. तिथून घंटेपर्यंतची तार भिंतीत पुरलेली. आणि किल्ल्या घरात ठेवायच्याच नाहीत. त्या दादांच्या कोटाच्या खिशात.

बघा, सापडते का कुठं फट? मलाही सापडली नव्हती.

शेजारी वच्छलाकाकू राहायच्या. मूळच्या गिरडकडच्या शेतकरी घरातल्या. खरेदी केंद्रावर नंबर लागायचा होता, म्हणून त्यांची पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. त्या दिवसभर ओसरीत बसून कापसातला काडीकचरा वेचायच्या आणि माझी गंमत बघायच्या.

"काय करून राह्यला रे बाबू?"

"काकू, अशी घंटा बनवतोय, की चोराच्या बापालाही बंद करता येणार नाही."

"आन् तुले?"

मी नुसता हसलो. हा प्रश्न मी जरा नीट ऐकायला हवा होता.

शुक्रवारी आई नालवाडीला मावशीकडे गेली, दादा ऑफिसात. म्हटलं, रविवारच्या आधी एक रंगीत तालीम करू. बाहेर आलो, दार ओढून घेतलं आणि चोराच्या थाटात खिडकीची तार कातरीनं कापली.

काय वाजली म्हणता! कारखान्याच्या भंगारातून आणलेली घंटा ती. झाडावरचे कावळे उठले. मी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकत राहिलो. मग बंद करायला आत गेलो, कपाटापाशी उभा राहिलो, आणि किल्ल्या कुठं आहेत ते आठवलं.

धावत कुंपणाशी आलो. "काकू, दादांना निरोप द्या! तार तुटलीय, किल्ल्या घेऊन लवकर या म्हणावं!"

"काय म्हनतं? मले आयकू नाई येत!"

"तार! तार! दादांना लवकर बोलवा!"

काकूंनी दूधवाल्या नामदेवला सायकलवर पिटाळलं. त्यांनी त्याला सांगितलं, घरची तार आहे, लवकर बोलावलंय. नामदेवनं ऑफिसच्या शिपायाला सांगितलं, घरून तार आली. आणि शिपायानं दादांपुढं जाऊन अगदी हळू आवाजात सांगितलं, "साहेब, तार आली जी. तुम्हाले घरी बोलावलं."

त्या काळात तार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. चांगली बातमी लोक पोस्टकार्डावर लिहीत.

इकडे मी शिडी लावून छपराशी चढलो होतो. हातात स्क्रू-ड्रायव्हर, पुढ्यात पेटी. पण पेटी मीच बनवलेली, हलेल कशी? तेवढ्यात दोन रिक्षा आल्या. एकीतून दादा उतरले, दुसरीतून त्यांच्या ऑफिसातले चौघं. वाटेत नालवाडीहून आईलाही घेतलेलं. घंटा चालूच.

दादांनी कापऱ्या आवाजात काकूंना विचारलं, "वहिनी, कोण गेलं?"

घंटेच्या आवाजात काकूंना ऐकू आलं, 'कुठं गेला?' पोरगाच शोधत असतील, असं समजून त्या म्हणाल्या, "तो ना? तो वर गेला."

दादा तिथंच पायरीवर बसले. हेडक्लार्कांनी डोक्यावरची टोपी काढली. आईनं तोंडाला पदर लावला आणि जो हंबरडा फोडला, तो घंटेच्याही वर गेला.

मी छपराजवळून ओरडलो, "दादा, किल्ल्या!"

सगळ्यांनी वर पाहिलं. आई मला जिवंत बघून आणखीच रडायला लागली. दादांनी अंगावर हात फिरवला, खिसे चाचपले आणि म्हणाले, "कोट ऑफिसातच राहिला रे. खुर्चीवर."

झालं! आता ऑफिसात जाऊन येईपर्यंत सगळी ओळ बहिरी होणार. मी बॅटरीच्या ताकदीचा हिशेब मांडला. संध्याकाळपर्यंत सहज टिकणार होती. चांगली बॅटरी घेतली होती ना मी.

तेव्हा वच्छलाकाकू उठल्या. पुढच्या खोलीतून दोन्ही हातांत मावेल एवढा कापूस आणला आणि शिडीखाली येऊन म्हणाल्या, "हे घे. त्या जाळीतून कोंब."

"काकू, ही सुरक्षित पेटी आहे, असं करून..."

"कोंब म्हनतो ना तुले!"

कोंबला. घंटा आणि तिच्या हातोडीच्या मधोमध जाऊन बसला. घंटा दोनदा घरघरली आणि गप्प झाली.

पाच वर्षांचं इंजिनिअरिंग, मोटारीची बॅटरी, लोखंडी पेटी, दोन कुलुपं. आणि एक ओंजळ कापूस.

"वर्ध्यात चोराले कापूस नाई भेटत का रे?" काकूंनी विचारलं.

मी शिडीवरून उतरलो तो सरळ त्यांच्या ओसरीत जाऊन बसलो. म्हटलं, काकू, मग तुम्ही काय केलं असतं?

त्यांनी कापसातली एक काडी उचलून बाजूला टाकली. "घंटी माह्या घरी लाव ना. चोर तुह्या घरात, घंटी माह्या घरी. कशी तोडन तो? मी तं दिवसभर इथंच बसून राह्यतो."

खरं सांगतो, मी थक्क झालो. आमच्या एकाही प्राध्यापकाला हे सुचलं नसतं. मी घंटेला कुलुपांवर कुलुपं घालत होतो. या बाईनं घंटाच चोराच्या हातापासून दूर नेली. आठवडाभरात ओळीतल्या सहा घरांच्या तारा काकूंच्या ओसरीत आल्या, सहा छोट्या घंट्यांना. त्यानंतर आमच्या ओळीतला एकही गुंड चोरीला गेला नाही.

रविवारची गरज उरली नव्हती, सगळी ओळ शुक्रवारीच जमली होती. त्याच संध्याकाळी दादा म्हणाले, "हैदराबादला कळव, येत नाही म्हणून."

माझा ऊर भरून आला. "दादा, म्हणजे तुम्हाला माझं काम पटलं?"

"तसं नाही रे. हैदराबादच्या लोकांनी आपलं काय वाकडं केलंय? इथं निदान वच्छलावहिनी आहेत."

दुसऱ्या दिवशी नकाराची तार करायला पोस्टात गेलो. तिथल्या तारबाबूंनी माझा कागद घेतला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. मागं रांगेत दहा माणसं. त्यांच्यादेखत अगदी सरळ चेहऱ्यानं त्यांनी विचारलं, "इंजिनेरसाहेब, हे तार नुसती पाठवाची, का वाजवाची पन?"