दहा नाही

हायमन रेझनिक आमच्या सिनेगॉगमध्ये चाळीस वर्षं एकच काम करत आला, दहा माणसं गोळा करण्याचं. पगार नाही, पद नाही, साधी आभाराची दोन ओळींची चिठ्ठी नाही. ज्याचं कोणी गेलं आहे त्याला कद्दिश म्हणायची असते, आणि ती प्रार्थना दहा जणांशिवाय म्हणता येत नाही, एवढंच कारण.

रोज सकाळी सातला तो छोट्या प्रार्थनाघरात यायचा, बाकांवरून नजर फिरवायचा आणि पुटपुटायचा, "एक नाही, दोन नाही, तीन नाही." माणसं सरळ मोजली की दृष्ट लागते, म्हणून आमची जुनी माणसं अशीच मोजतात. कमी पडले की फोन. बाहेर कमरेइतका बर्फ आहे किंवा अंगात ताप आहे, असल्या सबबी तो ऐकूनही घेत नसे. मी इथल्या ऑफिसात एकोणीस वर्षं आहे आणि त्या सकाळच्या फोनला मी भरपूर शिव्या घातल्या आहेत.

नऊवर गाडी अडली की तो स्वतःच्या घरी फोन लावायचा. त्याची बायको फ्लोरा दोन गल्ल्या पलीकडून यायची, ओले केस रुमालात बांधून, आणि दारातूनच म्हणायची, "दहा नाही." प्रार्थनेच्या दहांत बायकांनाही धरायचं ठरलं तेव्हा हायमनने दोन वर्षं तोंड वाकडं केलं होतं. पुढे दहावी बहुतेक तीच असायची, आणि दहावा आकडा त्याने तिच्यावरच सोडून दिला होता.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी फ्लोरा गेली. थंडी पडेपर्यंत आम्ही कसेबसे जमलो. मग हिवाळ्यात कोणी फ्लोरिडाला मुलांकडे गेलं, कोणी वर गेलं, आणि रोजची प्रार्थना बंद पडली. ती बंद केली असं कोणी म्हटलं नाही. एका सोमवारी चारच जण आलो आणि मंगळवारी मीसुद्धा गेले नाही.

रिकामी खोली तापवत ठेवणं काही परवडत नव्हतं. इस्पितळात नोकरीला आलेली तरुण कुटुंबं बालवाडी मागत होती, तेव्हा समितीने ती खोली बालवाडीला दिली. हायमनने विरोध केला नाही. बाक नेताना मला एवढंच म्हणाला, "हळू काढायला सांग." क्लीव्हलंडहून नवी संचालिका आली, याएल सँडलर. पस्तिशीची, घसा कायम बसलेला. तीन आठवडे स्वतः भिंती रंगवून ती शाळा सुरू व्हायच्या आधीच दमली होती.

आमच्या पंचांगाप्रमाणे फ्लोराचा वर्षदिन नेमका बालवाडीच्या पहिल्याच दिवशी आला. हायमनला त्याच खोलीत कद्दिश म्हणायची होती. आठवडाभर तो फोन करत होता. सहा जण मिळाले, त्याला आणि मला धरून.

आदल्या दिवशी तो खोलीची किल्ली द्यायला आला तेव्हा याएल शिक्षिकांना शिकवत होती, प्रत्येक दारात मुलांना बोट दाखवून मोठ्याने मोजायचं. हायमन दारातच थांबला.

"पोरं अशी मोजू नयेत."

"सरकारी नियम आहे, मिस्टर रेझनिक. एखादं हरवलं म्हणजे?"

"इथे माणसं कमी पडली. हरवलं कोणी नाही."

किल्ली खिशात तशीच ठेवून तो निघून गेला. आता ही बया जुन्या माणसांना कोपऱ्यात ढकलणार, असं मला वाटलं. त्या रात्री तिचा फोन आला, तोही चिडून मी उचलला नाही.

पहिल्या दिवशी बेगलचे गोल पाव होते, चीज होतं आणि आमचे अध्यक्ष लेनर्ड यांचं न संपणारं स्वागताचं भाषण होतं. मुलं आत येत होती आणि दारात उभी असलेली शिक्षिका म्हणत होती, "पाच नाही, सहा नाही." मी याएलकडे पाहिलं.

"माझी आजीही असंच मोजायची. आकडा मोठ्याने म्हणा एवढाच नियम आहे," ती म्हणाली. "पुढे काय जोडायचं ते लिहिलेलं नाही."

तेव्हा मी तिला फ्लोराचं सांगितलं. तेवढ्यात जमवलेली चार माणसं घेऊन हायमन आला. त्याने किल्ली तिच्या हातात दिली तशी ती लगेच पालकांकडे वळली. "यांच्या पत्नीचा आज वर्षदिन आहे. दहा ज्यू माणसं हवीत, पाच मिनिटांसाठी. कोणी थांबाल?"

लोकांना घड्याळं आठवली. निम्मे तर ज्यू नव्हतेच, ते मला फॉर्मवरून माहीत होतं; पण बाकीचेही मुलांचे पापे घेत, माफी मागत निघाले. मला त्या सगळ्यांचा राग आला, आणि त्या मंगळवारी न गेलेल्या माझा स्वतःचा त्याहून जास्त. एक डोळ्यांची डॉक्टर आणि एक प्राध्यापक थांबले. त्या दोघांना आणि याएलला धरून हायमन मोजत गेला. नऊ नाही.

त्याचा हात खिशात गेला. त्याने फोन काढला, नंबर दाबला आणि कानाला लावला. कुठला नंबर, ते मला कळलं. खोली इतकी गप्प होती की पलीकडची रिंग आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. सहा वेळा वाजल्यावर त्याने फोन खाली घेतला.

"सवय," तो म्हणाला, आणि एका बुटक्या खुर्चीवर बसला. "जा तुम्ही. कामं असतील."

कोपऱ्यात एक बाप अडकून पडला होता. त्याची मुलगी विनी त्याच्या पायाला मिठी मारून भोकाड पसरत होती, म्हणून तो गेला नव्हता एवढंच.

"मी चालेन का?" त्याने विचारलं. "माझं नाव ट्रेव्हर मॅकनील आहे."

"आईचं काय?" हायमनने विचारलं. आमच्यात ज्यूपण आईकडून येतं, मग नाव कुठलंही असो.

"आई ज्यू होती. पण आम्ही घरी काही पाळलं नाही."

"पाळण्याचं मी विचारलं नाही. उभा राहा."

ट्रेव्हर मुलीसकट लंगडत आला. हायमनला खुर्चीतून उठता येईना; मी आणि याएलने त्याला धरून उठवलं. त्याने पहिल्यापासून मोजायला घेतलं, एकेकाच्या तोंडाकडे बघत, सावकाश. नऊपर्यंत आला आणि दाराकडे पाहत थांबला. आम्हीही थांबलो.

"रोना," शेवटी तो मला म्हणाला, "तू म्हण."

"दहा नाही," मी म्हटलं.

विनी अजून रडत होती. हायमनने रंगीत टेबलाचा आधार घेतला आणि कद्दिश म्हणायला सुरुवात केली.